कापलेल्या चार ओळी

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा ऑफिसात मिळालं. माझ्या अग्रलेखाचं कात्रण तू स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून दाखवतेस, हे वाचून पत्र घडी करून खिशात ठेवलं. खाली भाऊजींनी खरडलंय, 'मेहुणे आता देश चालवायला लागले, आमचा गळका नळ कधी बघणार?' एरवी हे मी टेबलाटेबलावर वाचून दाखवत फिरलो असतो.

लेखात मी टिल्लूचं नाव घातलं नव्हतं. 'तिकडच्या एका जवानाने आपल्या मामाला लिहिलं आहे,' एवढंच होतं. तरी तू ओळखलंस. त्या पत्रात तो आधी तिथल्या कुत्र्यांचं, बेचव जेवणाचं, मित्राच्या घोरण्याचं लिहितो. लहानपणी नाही का, शाळेतून आला की तासभर गमती सांगायचा आणि उठताउठता म्हणायचा, आई, माझा हात मोडलाय वाटतं.

लेख लिहिला त्या आठवड्यात सभागृहात मतदान होतं : दुसऱ्यांच्या लढाईत आपलं सैन्य ठेवायचं की परत आणायचं. ठेवावं, असं संपादकांचं मत. माझं काय, ते कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. सहा वाजेपर्यंत मी दोन्ही बाजूंनी लिहून देऊ शकतो, त्याचाच पगार घेतो. पण लेख कोरडा होत होता. मग खणातलं टिल्लूचं पत्र काढलं. त्याच्या तुकडीकडे एका गावाची पाण्याची टाकी राखायचं काम आहे. तिथल्या एका म्हातारीने त्याचा हात धरून विचारलं, तुम्ही गेलात तर आमचं कोण? त्याने सांगितलं, आम्ही जात नाही, आजी. एवढं मी छापलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात ते मोठ्याने वाचलं गेलं. अकरा मतांनी ठराव पास झाला आणि टिल्लूची मुदत वर्षभराने वाढली.

ताई, पत्र तिथे संपत नव्हतं. आमच्याकडे मजकूर जास्त झाला की खालून कापतात, कारण बातमीत महत्त्वाचं वर असतं. घरचा माणूस महत्त्वाचं शेवटी लिहितो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पुढच्या चार ओळी अशा होत्या : 'मामा, मी त्या आजीला खोटं सांगितलं. आम्ही इथे आहोत म्हणून तर समोरचे त्यांच्या गावावर तोफा डागतात. आम्ही फक्त स्वतःला राखतोय. आम्हाला परत बोलवा असं लिही, तुझं लोक ऐकतात.' कुणी विचारलं असतं तर जागा नव्हती म्हणून सांगणार होतो. कुणी विचारलं नाही. आणि जागा होती. तुझ्या कात्रणात लेखाखाली वेलबुट्टीची पट्टी आहे बघ, ती उरलेली जागा भरायला टाकलेली आहे.

सोमवारी हाच प्रश्न फेरविचारासाठी सभागृहात पुन्हा येतोय. टिल्लूचं अख्खं पत्र आणि ते मी कापलं होतं ही कबुली, दोन्ही माझ्या नावाने रविवारी छापायला संपादक कसेबसे तयार झालेत. अट एकच घातली : त्याच्या आईची परवानगी आण. कारण तू ओळखलंस तसे त्याचे वरिष्ठही ओळखतील, आणि पोरगं अजून वर्दीत आहे, शिक्षा त्याला होईल. हे सगळं सांगितल्याशिवाय परवानगी मागता येईना, म्हणून हे पत्र. त्याचं मूळ पत्र सोबत पाठवतोय. तू नको म्हणालीस तर नुसती माझी कबुली छापीन. खरं तर विचारायला हवं त्यालाच. दोनदा लिहिलं मी. लेख छापून आल्यापासून त्याने मला उत्तर दिलेलं नाही.

तुझाच,
धाकटा