सात मिनिटं पन्नास सेकंद

ता. ९, सोमवार

चि. धाकटीस, दादाचे आशीर्वाद.

तुझी चिमणी तुला सांगेलच, पण तिच्या आधी मी लिहितो. परवा तिच्या त्या भाषणांच्या क्लबात स्पर्धा झाली. वेळ लावायला माणूस मिळेना. मला म्हणाली, मामा, चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतास, तूच बस. बसलो. हातात घड्याळ आणि तीन कार्डं. पाच मिनिटांना हिरवं दाखवायचं, सहाला पिवळं, सातला लाल. साडेसातच्या पुढे जो बोलला तो बाद.

लोकांची तऱ्हा काय सांगू. कुणी खुर्ची सरकवली तरी टाळ्या. आधी मूल्यमापनाची स्पर्धा. म्हणजे एकानं भाषण करायचं आणि पाचजणांनी पाळीपाळीनं येऊन त्याचं काय बरं झालं, काय सुधारावं ते सांगायचं. एकमेकांचं ऐकून नक्कल नको म्हणून बाकीचे बाहेर जिन्यात उभे. एवढा थाट करून पाचही जणांनी त्या बिचाऱ्याला सांगितलं काय, तर खिशातला हात बाहेर काढ. पाचव्यानं तोंड उघडायच्या आतच त्यानं बसल्या जागी काढला.

मग विनोदी भाषणं. शेवटी चिमणी. मागे दोनदा भाषण अर्ध्यात सोडून बसली होती, पण यावेळी नीट उभी राहिली. तिनं सांगितलेला किस्सा असा: ती काम करते त्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्या खिडकीशी एक ड्रायव्हर आला. अक्षरांचा तक्ता भावाकडून पाठ करून आलेला. हिनं तक्ता भिंतीला लावायच्या आधीच गड्यानं सगळा वाचून दाखवला! आमच्या डेपोत असले तीन होते. लोक पोट धरून हसत होते. पहिली आली असती तर पुढच्या मोठ्या स्पर्धेला गेली असती. दोन वर्षं त्याच्याच मागे होती.

पण सात मिनिटं पन्नास सेकंद झाली. बाद. मी तसं लिहून दिलं. घड्याळ भाचीबिची ओळखत नाही. यावर मला पत्र लिहू नकोस.

तुझी वहिनी आहे तशीच. कमरेचं हाड जुळायला अजून दीड महिना. रात्री तीन-चारदा कूस बदलून द्यावी लागते. तू मदतीला येते म्हणालीस, काही गरज नाही. घरात माणसं वाढली की नुसते चहाचे कप वाढतात.

राग आला तर गिळ, माया तेवढी ठेव.

दादा

ता. १३, शुक्रवार

ती. दादास धाकटीचा सा. न.

लिहू नकोस म्हणालास म्हणून मुद्दाम लिहितेय.

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. दवाखान्यातून येते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. मोठ्या स्पर्धेसाठी शिवलेला ड्रेस तिनं कपाटाच्या तळाशी टाकलाय. मी विचारलं, मामानं लाल कार्ड दाखवलं होतं ना? म्हणाली, दाखवलं, माझंच लक्ष नव्हतं. आणि नाक चोळलं. खोटं बोलताना ती नाक चोळते, तुला ठाऊक आहे.

तिच्या दवाखान्यातली नर्स पहिल्या रांगेत होती. ती म्हणते, हिरवं दिसलं, पुढचं एकही कार्ड वर आलं नाही. आणि कार्ड दाखवायचं राहिलं तर बोलणाऱ्याला तीस सेकंद जास्तीची मिळतात, असा त्यांचा नियम आहे म्हणे. मी गणितात ढ, पण सात पन्नास हे आठाच्या आत येतं एवढं मलाही कळतं.

दादा, तुझं काम कधी चुकलं नाही, म्हणूनच विचारते. तू तेव्हा जागा होतास का? ती तुला सांभाळून घेतेय आणि स्वतः आतून खचतेय.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर ओरड हवं तर, पण गप्प बसू नकोस.

तुझी धाकटी

ता. २२, रविवार

चि. धाकटीस आशीर्वाद.

झोपलो होतो. हिरवं दाखवलं आणि डोळा लागला. टाळ्यांनी दचकून उठलो, घड्याळ दाबलं. पिवळं आणि लाल मांडीवरच. आकडा खरा होता, तो लिहून दिला आणि तोंड मिटलं. या वयात चारचौघांत झोपलो म्हणायची लाज वाटली. झालं.

काल क्लबात गेलो. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, हरकत निकालाआधी घ्यायची असते. आता निकाल बदलत नाही, जिंकलेला तो दुसराच जाणार. खूप हुज्जत घातली, बाई हलल्या नाहीत. त्यांच्या जागी मीही हललो नसतो. मग म्हटलं, निदान सगळ्यांपुढे सांगू तरी द्या.

उभा राहिलो. चिमणी इथे कशी उभी राहते देव जाणे. म्हणालो, मी झोपलो, कार्ड दाखवलं नाही, तुमच्या नियमानं पोरगी वेळेत होती, तिचा दोष नाही. आणि बसलो.

पण तिथे कुणी बोललं की त्याचं मूल्यमापन केल्याशिवाय सोडत नाहीत. बाईंनी विचारलं, कोण करणार? चिमणीच उठली. म्हणाली, वक्त्याचा आवाज खणखणीत, सुरुवात थेट, एक शब्द वाया नाही. सुधारायची जागा एकच. वक्त्यानं चूक सांगितली, कारण गाळलं. त्यांची बायको दोन महिने अंथरुणावर आहे आणि दोन महिन्यांत त्यांना सलग दोन तास झोप नाही. मी बोलताना त्यांचे मिटलेले डोळे पाहिले होते, मला उठवावंसं वाटलं नाही. पुढच्या वेळी वक्त्यानं मदत मागायचा सराव करून यावं, घरी आरशासमोर केला तरी चालेल.

लोक हसले. मीही हसलो असेन, नीट आठवत नाही. डेपोत साहेबानं मेमो दिला असता तर दोन शब्द सुनावले असते. भाचीचा मेमो घेतला. बाहेर पडताना तिनं माझी पिशवी घेतली. म्हणाली, सहा महिन्यांनी परत स्पर्धा आहे, नवं भाषण लिहायला घेतलंय. तक्त्यावरचं नाही, दुसरं. कशावर ते सांगेना.

आरसाबिरसा मला जमायचा नाही. तुलाच लिहितो. बुधवारपासून दुपारी ये. तू वहिनीजवळ बस, मी आतल्या खोलीत पडतो. पाचाला उठव. नाही उठलो तर राहू दे.

माया आहे तशी असू दे.

दादा