गोपिकाबाईंनी खाल्लेली अंजिरं

रविवार, ६ मार्च १९८३. सायं. ५ वा. १० मि.

वेळ मुद्दाम लिहिते. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तक्रार आली की आधी वेळ, मग बाकीचं. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही.

तर पाच वाजून दहा मिनिटांनी, माझ्या व्हरांड्यात, माझ्याच खुर्चीत बसून, माझंच अंजीर तोंडात असताना गुरांचे डॉक्टर पाटणकर म्हणाले, "आजी, सांभाळून बरं का. हे चीज जमवायला वासराच्या पोटातला अर्क लागतो. दूधपित्या वासराच्या. कापल्याशिवाय मिळत नाही तो."

आणि हसले.

गोपिकाबाईंच्या हातात तिसरं अंजीर होतं. त्यांनी ते काडीसकट बशीच्या कडेला ठेवलं. पदराने बोटं पुसली, एकेक. उठल्या, फाटकातून गेल्या. घर भिंतीपलीकडेच, पण आज ते किती लांब वाटलं.

ज्या बाईने महानुभावांचा उपदेश घेतल्यापासून अंड्याच्या टरफलावर पाय पडू दिला नाही, जी लेकीच्या घरी जाताना स्वतःचा पाण्याचा तांब्या नेते, तिला हे सांगायची ही वेळ? आधी तरी सांगायचं, नाहीतर कधीच नाही. शिकलेलं सगळं ओकून टाकायची घाई असते काही लोकांना. पाटणकरांना दुसरा चहा दिला नाही.

माझं काय चुकलं? मला काय ठाऊक डब्यात काय असतं. झाड या वर्षी लगडलंय, म्हणून गल्लीतल्या चार जणांना चहाला बोलावलं. कृती दहा मिनिटांची. अंजिरं पिकलेली पण बोटाला घट्ट लागणारी हवीत. ओल्या फडक्याने पुसायची, धुवायची नाहीत. देठ खुडून वरून फुली मारायची, बूड शाबूत. खालून चिमटीत दाबलं की फुलासारखं उघडतं. आत डब्यातल्या चीजचा तुकडा, मिरपूड, मधाचा थेंब, वरून काडी. चूल नको, कढई नको. सगळ्यांनी वाखाणलं.

गो.बाई माझ्याकडे फळ आणि पाणी, एवढंच घेतात. मीच म्हटलं, घ्या, फळच आहे.

"आतमंदी पिवळं का आहे वं?"

"दूध. दुधाचंच असतं ते."

"काही इकडचं तिकडचं नाही ना?"

"मी देतेय ना तुम्हाला?"

असं म्हटलं मी. ते शेवटचं वाक्य कानातून जात नाही.

सोम. ७ मार्च

सकाळी भिंतीवरून हाक नाही. रोज सहाला "उठली का वं शालू?" असते. मी मुद्दाम बादली आपटली. तरी नाही.

दुपारी त्यांची सून मंदा कपडे वाळत घालत होती. विचारलं. म्हणाली, "आईनं कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मावशी. म्हणत राहिली, आधी कळू दे का होतं ते. होतं तर मी महंतांकडे जातो, ते सांगतील ते प्रायश्चित्त घेतो. आन् मग तुमच्याकडचं पाणीसुद्धा बंद."

पाणीसुद्धा.

चारला पाटणकर आले. टोपी हातात. "मावशी, चूक झाली. मी आजींना जाऊन सांगतो, गंमत केली म्हणून."

"गंमत होती का?"

"आता प्रत्येक कारखान्याचं मला काय माहीत? पण बहुतेक सगळे तसंच करतात."

"मग तुम्ही जाऊ नका," म्हटलं. "तुमच्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही."

माझ्यावर बसेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी गेले.

गो.बाई बाजेवर भिंतीला टेकून बसलेल्या. एका दिवसात तोंड एवढंसं झालेलं. एवढंच म्हणाल्या, "शालू, तूच सांग. होतं का नव्हतं?"

"डॉक्टरांनी गंमत केली."

"तू म्हणते?"

"मी म्हणते."

त्यांनी आत हाक दिली, "मंदा, दूधभाकर आण वं. थंडी असली तरी चालते."

त्या खात असताना मी समोर बसले होते. उठता आलं नाही.

बुध. ९ मार्च

हाक आली. सहाच्या ठोक्याला. आनंद व्हायला हवा होता.

दुपारी भिंतीशी उभ्या राहून बोलल्या. अगदी खुशीत. "तुह्या त्या खाऱ्या लोण्याची चव जिभेवरून जात नाही वं. एवढ्या मेमांच्या शाळेत गेली, त्यांनं तुले चूल न पेटवता खायचंच शिकवलं का?"

मी म्हटलं, "तेवढंच जमलं मला."

"मलेही शिकव मग. या वयात चुलीपुढे बसवत नाही."

हसले. काय करणार.

शनि. १२ मार्च

आज शिकवलं. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या पाटावर, त्यांच्या सुरीने. डबा मात्र त्यांनी आधीच मागवून ठेवलेला. नातवाला सीताबर्डीला पाठवून आणवला, अगदी तोच, माझ्याकडे होता तो. मंदाला उघडता येईना, मी उघडून दिला. माझ्या हाताने.

त्यांची फुली माझ्यापेक्षा सरळ पडते. म्हणाल्या, "हे तर बोंडासारखं उमललं." मध घालू देईनात. "मधमाशांचं लुटून कशाले घ्यायचं?" त्याऐवजी गुळाचा खडा किसून घातला. मधमाशीचा मधही चालत नाही त्यांना, आणि त्या रविवारी तोही होता हे मी सांगितलं नाही. मी मान खाली घालून मिरी कुटत राहिले.

आणि मग सांगितलं ते. रवि. २७ला त्यांच्याकडे तपस्विनी येणार आहेत, त्या कोणत्या तरी मठातल्या, आणि सक्करदऱ्यातल्या सगळ्या उपदेशी बायका. जेवण नाही, निरूपण आणि फराळ. "फराळाले हेच ठेवतो. साऱ्या जणी विचारतीन, गोपिका, हे कुठून शिकली? मी तुह्यं नाव सांगीन."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, अंजिरं तेवढी पुरतील का.

"झाड तुह्यं आहे ना. पुरतीन."

मंगळ. १५ मार्च

चीजच्या कंपनीला पत्र, रजिस्टर्ड. इंग्रजीत. बऱ्याच दिवसांनी इतकं चांगलं इंग्रजी लिहिलं. आपल्या उत्पादनात प्राणिज अर्क आहे की नाही, असल्यास डब्यावर तसं का छापलेलं नाही, शाकाहारी ग्राहकांची अशी फसवणूक किती दिवस चालू ठेवणार, आणि गुरुवार २४ मार्चच्या आत लेखी उत्तर न आल्यास पुढील कारवाई. कसली कारवाई ते मलाही माहीत नाही. पण वाक्य दणदणीत झालं.

पोस्टातून येताना चालत आले. बरं वाटत होतं. कोणाला तरी जाब विचारला की मला नेहमी बरं वाटतं.

फाटकाशी आल्यावर ध्यानात आलं, मला उत्तर "नाही" असंच हवंय. मग माझं खोटं आपोआप खरं होईल.

गुरु. १७ मार्च

६ तारखेला वर लिहिलंय, मला काय ठाऊक डब्यात काय असतं. खोडत नाही. पण ते खरं नाही.

मेमांच्या शाळेत गुरुवारी जेवणानंतर जंकेट, म्हणजे जमवलेलं गोड दूध, असायचं. आज गुरुवार, म्हणून आठवलं असेल. किंवा आठवलेलंच होतं आणि आज लिहितेय. पांढरं, थुलथुलणारं, वर जायफळ. स्वयंपाकघरातल्या सिस्टरनी एकदा आम्हा मुलींना ती इवलीशी गोळी दाखवली, दूध जमवणारी. कशाची ते सांगितलं. बाकीच्या हिंदू मुलींनी वाट्या सरकवल्या. मी खाल्लं, मुद्दाम, दुसऱ्यांदा घेऊन. मी काही त्यांच्यासारखी गावंढळ नव्हते.

चीजही त्यानेच जमतं, हेही त्याच सिस्टरनी सांगितलं होतं.

म्हणजे पाटणकर बोलले तेव्हा मला आश्चर्य वाटलं नव्हतं. मला राग आला होता. दोन्हींत फरक आहे आणि तो मला त्याच क्षणी कळला होता. त्यांना दुसरा चहा न देण्याइतका राग.

"मी देतेय ना तुम्हाला?" असं म्हणताना आठवलं होतं का? नाही. शपथेवर नाही. पण आठवून बघितलंही नव्हतं. गो.बाई विचारत होत्या ते मला बाळबोध वाटत होतं. तेव्हासारखंच.

रवि. २० मार्च

उत्तर नाही.

युक्ती सुचली. पहाटे गवळ्याकडून गाईचं दूध जास्त घेतलं. उकळून लिंबू पिळलं, फडक्यात बांधलं, वर पाटा ठेवला. दुपारपर्यंत छान घट्ट छेना झाला. मीठ, थोडी मिरी. अंजिरात भरला. खरं सांगायचं तर डब्यातल्यापेक्षा चांगला लागतो, अंजिराची गोडी दबत नाही. लिंबाने फाटलेलं दूध, त्यात कोणाचं पोट नाही.

हेच ठेवा म्हणायचं. कारण सांगायला नको. तपस्विनी वाचतील, गो.बाई वाचतील. मीही.

पहिल्या दिवशीच हे का नाही केलं? कारण ते घरचं झालं असतं. डब्यातलं पाहिजे होतं मला. पाटणकरांसमोर, गल्लीसमोर.

गुरु. २४ मार्च

कंपनीची मुदत संपली. पोस्टमन आला, विजेचं बिल टाकून गेला.

संध्याकाळी छेन्याची अंजिरं बशीत लावून गो.बाईंकडे. ओसरीवर शेणाने सारवलेलं, रविवारची तयारी. कोनाड्यात नवा डबा.

एक खाल्लं. सावकाश. "बरं आहे. चांगलं आहे. का आहे हे?"

"घरी केलं. लिंबाचं. रविवारी हेच ठेवा. ताजं असतं."

"अन् डब्यातलं?"

"ते राहू द्या."

"काहून?"

मी म्हटलं महाग पडतं. म्हणाल्या, आणलं आहे आता. मी म्हटलं उन्हाळ्यात टिकत नाही. म्हणाल्या, डबा तर बंद आहे. मी म्हटलं हे चवीला चांगलं. त्या म्हणाल्या, "हो. चांगलं आहे." आणि काडी बशीत ठेवली. मंदा आतून येऊन दारात उभी राहिली, मग परत गेली.

कधीकधी गो.बाई बोटं पुसतात तशी माणसाकडे बघतात. एकेक करून.

"शालू, डब्यातल्यात काही नाही ना?"

"मी सांगितलं ना तेव्हा."

"सांगितलं. मग हे काहून करून आणलं तू?"

मी बशीतली अंजिरं उगाच सरळ केली. असं विचारलं, आणि तेही मला. एक्सचेंजमध्ये माझ्याशी बोलताना साहेब लोक आधी पाणी प्यायचे.

"तू गल्लीत साऱ्यांले म्हणते," त्या म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता. "नळवाल्याले म्हणाली, विजेवाल्याले म्हणाली. तोंडी नको, लिहून द्या, सही करा. म्हणते ना? तर मलेही लिहून दे. डब्यातल्यात वासराचं काही नाही म्हणून. नाहीतर आहे म्हणून. जे असन ते."

"गोपिकाबाई, माझ्या बोलण्यावर..."

"बोलण्यावर मी त्या दिवशी जेवली वं."

बशी रिकामी करून, धुऊन, पुसून परत दिली. रिकामं भांडं त्या कधी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी असते. आज नव्हती.

शुक्र. २५ मार्च

कंपनीचं काही नाही. आलं तरी आता उपयोग नाही. गो.बाईंनी कंपनीला विचारलेलं नाही.

सकाळी हाक नाही.

झाडावरची पिकलेली सगळी काढली. त्यांना लागतीलच, कशानेही भरोत. टोपली मंदाच्या हाती दिली. तिने घेतली, नाही म्हणाली नाही. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही.

मग कागद. "सौ." लिहून खोडलं, त्या विधवा आहेत, इतकी वर्षं शेजारी राहून. दुसरा कागद. "गोपिकाबाईंस." मग थांबले. इंग्रजीत अशा वेळी एक वाक्य हमखास असतं, माझ्या माहितीप्रमाणे अमुक नाही. खाली सही केली की माणूस मोकळा. किती उत्तरं मी या वाक्यावर निभावून नेली. आज मराठीत लिहायला गेले आणि हात चालेना. माझ्या माहितीप्रमाणे. माझ्या माहितीप्रमाणे तर आहे.

आहे असं लिहिलं तर त्या जेवल्या त्या दूधभाकरीचं काय. तीही माझ्याच शब्दावर खाल्लेली. मग पाणी बंद, हाक बंद, आणि महंतांसमोर त्या बाजेवरून उठून उभ्या राहतील या वयात. नाही असं लिहिलं तर रविवारी त्या ओसरीवर साऱ्या जणी काडी धरून...

मधेच मंदा भिंतीशी आली. रिकामी टोपली परत द्यायला. तळाशी बघितलं. साखर नाही. पण टोपलीत शाईचं पेन ठेवलेलं, नातवाचं.

"आईनं सांगितलं, मावशी," खाली बघत म्हणाली. "मराठीत लिहा, तिले वाचता येते. सही करा. आन् उद्या शनवारी दिवेलागणीच्या आत पाहिजे. तोवर डबा उघडत नाही म्हणे."