आमच्या घरची हवा पास झाली

राई, भाईंदर पश्चिम
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिनल,

सप्रेम नमस्कार. तुझा प्रबंध कुठवर आला? इकडे सगळं ठीक. आमच्या दिव्याचे दुधाचे दोन दात पडले, आणि तू गेल्यापासून ती गळ्यात जेवणाचा डबा अडकवून अंगणभर फिरते. विचारलं तर म्हणते, "मी हवा मोजतेय." बापाच्या टेम्पोमागे उभी राहून "नापास, नापास" ओरडते, आणि निकेत चिडतो.

फोन असताना ही बाई कागद का खरडतेय, असं तुला वाटेल. फोनवर तू "कशी आहेस" म्हटलंस की मी "मस्त" म्हणून मोकळी होते, म्हणून.

आधी आभार मानते, नाहीतर पुढचं लिहिण्याच्या नादात राहून जातील. नोव्हेंबरात तू तुझ्या दुर्गाकाकूंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गळ्यात ते हवा मोजणारं घुरघुरणारं यंत्र बांधलंस. रोज सकाळी पार काशीगावहून रिक्षा बदलत त्याचा फिल्टर बदलायला आलीस. मला या घरात येऊन नऊ वर्षं झाली, "काकू, दम लागतो का हो?" असं त्यांना विचारणारी तू पहिली. आम्हाला सुचलंच नव्हतं. त्यांचा खोकला आम्हाला घरातल्या घड्याळासारखा झाला होता.

मग तुझा निकालाचा कागद आला. राईच्या घरांत लाकडाचा धूर नगण्य, जो काही त्रास आहे तो मुख्यतः रस्त्यावरच्या गाड्यांचा. सासूबाईंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याशेजारी टांगला. येईल त्याला सांगतात, "आमचे घरची हवा पास झाली." उत्तनकडे जाणाऱ्या डंपरांना शिव्या घालायलाही त्यांना नवा हुरूप आला.

आणि रस्त्याची हवा वाईट, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराची रस्त्याकडची खिडकी खिळे ठोकून बंद करून घेतली. दुसरी खिडकी नाही, तुला माहीत आहे. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी त्यांना अशी धाप लागली की ओठ निळे पडले. दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "घरात चूल पेटते का?" मी तोंड उघडायच्या आत निकेतने तुझा कागद पुढे केला. मीही गप्प बसले.

मिनल, आमच्या घरात चूल पेटते. रोज पेटते. आधी आंघोळीच्या पाण्याला, मग ऑर्डरच्या तांदळाच्या भाकऱ्यांना. जळण म्हणजे आजूबाजूला इमारती उठतायत तिथल्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि रंग दिलेल्या मोडक्या चौकटी. फुकट मिळतात, आणि धूर असा की डोळे उघडवत नाहीत.

फक्त तू यायचीस ते सात दिवस पेटली नाही. तू येणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पावनी येते घरान, तिच्या डोल्यांत धूर घालाचा?" चूल सारवून तिच्यावर पाट ठेवला, ऑर्डरी बंद केल्या, आणि एरवी चहापुरता असलेला गॅस पुढे आला. तुझ्या तक्त्यात 'इंधन' या रकान्यात सातही दिवस 'गॅस' असं लिहिलं ते मी. तेवढे दिवस गॅसच होता ना, अशी मी माझी समजूत घातली. तुझ्या ताटात गॅसवरची भाकरी वाढताना सासूबाईंचा मात्र जीव तुटत होता!

दवाखान्यातून आल्यावर मी गल्लीत विचारलं. तू मोजलेल्या सहा घरांपैकी पाच घरांत हेच झालं होतं. सगळ्यांनी आपापल्या घरची लाज राखली आणि तुझ्या अभ्यासाची वाट लावली. माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते.

पण एक गोष्ट तुझ्या कागदावर नाही. त्या आठवड्यात पाचव्या दिवशी सकाळी घर इतकं शांत होतं की मी घाबरले. जाऊन झोपलेल्या सासूबाईंच्या नाकाशी हात धरला. त्या डाफरल्या, "मेले न्हाय अजून!" त्या खोकलत नव्हत्या, एवढंच. यंत्राला कळलं नाही ते मला कळलं, आणि ते दिवस आम्हाला तुझ्यामुळे मिळाले. हे उपकार मी विसरणार नाही.

आता त्या घरी आल्यात आणि चूल पुन्हा पेटली आहे. खिडकीचे खिळे मी उपटले, पण चुलीचं नाव काढलं की कागदाकडे बोट दाखवतात. "मशीनला धूर दिसला न्हाय, तं तुला कसा दिसतो?" तेव्हा चूल पेटलीच कुठे होती म्हटलं, तर म्हणतात, "भिंतीला चालीस वर्सांचा धूर हाय. तो काय लपून बसला?" त्या माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुझ्या कागदाचं ऐकतात. डॉक्टर म्हणाले, पुन्हा अशी धाप लागली तर सांगता येत नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, पुढच्या फेरीत राई नाही, तिथे मोजण्यासारखं काही उरलं नाही. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून रडले. राई वगळू नकोस. रागाव, हवं ते बोल, पण ये.

हे पत्र लिहितेय असं काल सासूबाईंना सांगितलं. बराच वेळ पीठ मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिव तिला. पावनीपासून लपवला. पोरीपासून काय लपवाचा?"

येशील तेव्हा चूल पेटलेली असेल. तशीच मोज.

तुझी अपराधी आणि जन्माची ऋणी,
स्वप्नाली