वेंडुलाने परीक्षेत काय वाजवावं

६ ऑक्टोबर
आजपासून नोंदी ठेवणार. कारण वेंडुला. डबल बासच्या माझ्या वर्गातली ही एकमेव मोठी मुलगी, वय अठरा. जानेवारीत तिची संगीत अकादमीची प्रवेश परीक्षा. पियानोच्या साथीने एक मोठी सोलो रचना वाजवायची. ती निवडायची मी. एकोणतीस वर्षांचा अनुभव आहे, फार तर आठवडा लागेल.
माझी पद्धत ठरलेली आहे. रचना आधी स्वतः वाजवून दाखवायची, मगच विद्यार्थ्याच्या हातात द्यायची. ती मोडणार नाही.

१३ ऑक्टोबर
जुना संगीतकार डिटर्सडॉर्फ, त्याची रचना. फायनल.

१४ ऑक्टोबर, सकाळी
डिटर्सडॉर्फ रद्द. घरी वाजवून पाहिला. पहिल्याच पानावर डावी करंगळी ऐन वेळी जागेवर पडत नाही. दोष रचनेतच असणार. अडीचशे वर्षांत कोणी बोललं कसं नाही, आश्चर्य आहे.

२० ऑक्टोबर
वेंडुलाने विचारलं, सर, वानहाल चालेल का. शनिवारी ती मामाच्या बँडमध्ये लग्नाबिग्नांत वाजवते, तिथून असल्या कल्पना येतात. म्हटलं, वानहाल काय, सगळेच वाजवतात. ती म्हणाली, म्हणजे वाजवता येत असणार. उद्धटपणा नव्हता त्यात. ती बोलतेच तशी.

३ नोव्हेंबर
पातळ तारा आल्या. सोलोसाठी त्याच लागतात, सूर एक स्वर वर चढवावा लागतो. मी बसवायला घेतल्या. हल्लीच्या तारांची टोकं फार निसरडी. शेवटी वेंडुलाने बसवल्या, नऊ मिनिटांत. सूचना मी दिल्या.
करंगळी आणि शेजारचं बोट जरा बधिर. खुर्ची हीटरपासून लांब आहे म्हणून. खुर्ची सरकवली.

१० नोव्हेंबर
बोटेसिनी. दाराला आतून कडी लावून वाजवून पाहिला. नको. फार गोड आहे. आमच्या मोराव्हियातल्या थंडीत शोभणार नाही.

११ नोव्हेंबर
सेंट मार्टिनचा दिवस. हेडविकाबाईंकडे भाजलेला हंस आणि लाल कोबी. या बाई माझ्या वर्गाच्या वरच्या खोलीत बावीस वर्षं पियानो शिकवतात, माझ्या मुलांना साथही त्याच करतात. प्लेट हातातून पडली. त्यांच्या प्लेटा जुन्या, बुळबुळीत झाल्यात. वाकून तुकडे गोळा करत म्हणाल्या, राडोवान, ती बोटं दाखवा कुणाला तरी. म्हटलं, बोटांना काय धाड भरलीय. म्हणाल्या, ते डॉक्टर सांगतील, मी नुसता पियानो वाजवते.
हंस उत्तम होता.

२४ नोव्हेंबर
संकल्प. रोज सकाळी दीड तास रियाज. आधी कोमट तेलाने मालीश. वेंडुला म्हणाली, सर, आठच आठवडे राहिले. म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, ते माझं काम आहे.

२५ नोव्हेंबर
रियाज बारा मिनिटं. तेल संपलं.

८ डिसेंबर
कुसेवित्स्की. हीच ती. तिला वाजवून दाखवायला उभा राहिलो. सुरुवात ठीक. मग अंगठा तारेवर ठेवून वरच्या जागेत गेलो आणि करंगळीशेजारचं बोट कुठे आहे ते कळेना. पाहिलं तर ते तारेवरच होतं. आवाज भलताच निघत होता. वेंडुला खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, खोली गार आहे ना सर. मी हो म्हटलं. माझ्यासाठी सबब तिला शोधावी लागली, याची लाज वाटली.
कुसेवित्स्की रद्द. साथ हेडविकाबाईंना जड जाईल.

२४ डिसेंबर
नाताळची आदली रात्र. तळलेला कार्प मासा, बटाट्याचं सॅलड. एकटाच होतो. डावा हात तव्याला चिकटला होता, ते वासावरून कळलं. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. सॅलड उद्यालाही पुरेल.

५ जानेवारी
फायनल आणि कन्फर्म. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना देतो ती छोटी संथ रचना. दोन बोटांत होते. परिपक्वता साधेपणातच असते, हे परीक्षकांना पटेल. वेंडुलाला वाजवून दाखवली. सगळी वाजली.
तिने गज खाली ठेवला. मग म्हणाली, सर, मी ऑक्टोबरपासून वानहाल बसवतेय. वर, हेडविकाबाईंबरोबर. फॉर्मवरही तोच लिहिलाय. तुम्ही काहीतरी द्याल म्हणून वाट बघत होते, पण तुम्ही. वाक्य तिथेच सोडून गज उचलला. गजाला राळ लावत बसली.
म्हटलं, वानहाल माझ्याही डोक्यात होताच.

१९ जानेवारी
परीक्षा. मी दाराबाहेरच्या बाकावर. आतून वानहाल ऐकू येत होता. संथ भागात तिने बोटांचा जो क्रम धरला होता, तो मी कधी शिकवलेला नाही. माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यात करंगळी लागते. आनंद झाला असावा. टोपी हातात धरून बसून राहिलो.

२५ जानेवारी
वेंडुला पास. पहिल्या तिघांत. सांगायला आली तेव्हा हेडविकाबाई सोबत होत्या. वेंडुला म्हणाली, आता तुमची पाळी. हेडविकाबाई म्हणाल्या, गुरुवारी सव्वाआठ, नंबर लावलाय, आणि मी येणार आहे, पळू नका.
म्हटलं, मी कशाला पळतोय.

२८ जानेवारी
डॉक्टरबाई तरुण आहेत. कधीपासून, विचारलं. म्हटलं, हवा बदलल्यापासून. काम काय करता? म्हटलं, डबल बास शिकवतो, वाजवून दाखवतो. डोळे मिटायला सांगितले. म्हणाल्या, सुई टोचणार आहे, कळलं की बोला. मी डोळे मिटून तयार बसलो. बराच वेळ काही होईना. शेवटी म्हटलं, करा सुरू, मला अकराला वर्ग आहे.
त्या म्हणाल्या, दोन्ही बोटांना टोचून झालं, डोळे उघडा.