पप्पांचा दुसरा ठोका

मदिनत खलीफा, दोहा
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

प्रिय लॉरेन्सदादा,

जय ख्रिस्त. आम्ही सगळे इथे बरे आहोत. शुक्रवार म्हणजे इथला रविवार, त्यामुळे आताच चर्चमध्ये मिसा करून आले, भात लावला आणि लिहायला बसले. माझा फ्लॉइड दहावीला गेला. मी मराठीत ओरडते, तो इंग्रजीत ऐकून घेतो. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

माझे मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे कागदावर. हमद पोर्टवर कामाला असलेला आपल्या आळीतला रॉयस्टन सुट्टीवर गावी निघालाय, त्याच्या हाती देते आहे. सोबत एक पेनड्राइव्ह आहे. त्यात ब्राझीलची गाणी आहेत. हसू नकोस. ज्या बहिणीला तू जन्मभर बेसूर म्हणालास, ती तुला गाणं कसं ऐकायचं ते सांगणार आहे.

त्याचं असं झालं. आमच्या वॉर्डात आंद्रिया नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, ब्राझीलची. पक्षाघाताचे पेशंट चालायला शिकतात तेव्हा ती फोनवर गाणी लावते. एक दिवस इब्राहीम नावाचे म्हातारे गृहस्थ कठड्याला धरून उभे होते. पाय उचलेना. तिने गाणं लावलं, कानाजवळ "यल्ला", म्हणजे चला, म्हणाली, आणि त्यांचा डावा पाय बरोबर ठोक्यावर पडला. मी शेजारी बीपीचं मशीन घेऊन उभी होते. त्यांच्या पायाकडे बघायचं सोडून मी तो ठोकाच ऐकत राहिले. तो पप्पांचा होता, दादा.

आठवतं ना, आपल्या आळीचा बँड मार्च वाजवायचा आणि जोर पहिल्या ठोक्यावर हवा असायचा. पप्पा मोठ्या ड्रमवर पहिला हलका टाकायचे आणि दुसरा दणकून. तू क्लॅरिनेट तोंडातून न काढता त्यांच्याकडे डोळे वटारायचास. ते म्हणायचे, "पहिल्या ठोक्यावर माणूस उभा राहतो, दुसऱ्यावर चालतो." आपण त्याला त्यांची खोड समजलो. आंद्रियाने सांगितलं, सांबा म्हणजे नेमकं हेच. त्यांच्या सर्वांत मोठ्या ड्रमला सुर्दू म्हणतात आणि त्याचा जड ठोका दुसरा असतो. पप्पा वसईच्या पुढे कधी गेले नाहीत. त्यांच्या हातात तो आला कुठून, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी तिच्यामागे लागले आहे. ती इथल्या द पर्ल भागात राहते, सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे जाते आणि प्रश्न विचारून तिला भंडावते. आपल्या किल्ल्यावर ज्यांचं राज्य होतं तेच पोर्तुगीज तिकडेही गेले. वाद्यं बरीचशी त्यांची, पण ठेका आफ्रिकेतून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांचा. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

पेनड्राइव्हमधलं आधी सांबा ऐक. बोल समजणार नाहीत, सोडून दे, फक्त सगळ्यांत खालचा आवाज धर. मग शोरू. हे खास तुझ्यासाठी. नावाचा अर्थ रडणं, आणि चाल अशी की बोटं थांबतच नाहीत. बासरी, क्लॅरिनेट, चार तारांची छोटी गिटार. मंडळी टेबलाभोवती बसून एकमेकांना अडकवायला बघतात. तुझ्यासारख्या खाष्ट क्लॅरिनेटवाल्याचं तिथे जमलं असतं. बोसा नोव्हा म्हणजे तोच सांबा, पण घरात मूल झोपलंय अशा बेताने गायलेला. पहिल्यांदा मला तो अगदी मिळमिळीत वाटला. आता स्वयंपाक करताना तोच लागतो. शेवटी अकॉर्डियनवाली गाणी आहेत, तिकडे संत योहानाच्या सणाला त्यावर जोडीने नाचतात. वहिनींच्या गुडघ्यांना सांभाळून लाव.

आणखी एक. त्यांच्याकडे लष्कराचं राज्य होतं तेव्हा गाणी सरकारकडून तपासली जायची. म्हणून गाणं लिहिणारे वरवर भलतंच लिहायचे आणि खरी गोष्ट मध्ये लपवायचे. ऐकणाऱ्यांना ती बरोबर कळायची. मीही तीन पानं तसंच करून पाहिलं. पण मला ती कला नाही. सरळ सांगते.

तीन वर्षांपूर्वी पप्पा गेले त्या दिवशी मला विमान मिळालं नाही. गल्फातल्यांसाठी तुम्ही मयत मोबाइलवरून लाइव्ह दाखवणार होता, आणि ती लिंक मी माझ्या सगळ्या वॉर्डला पाठवली होती. मग मोबाइलवर आपल्या अंगणात युनिफॉर्म घातलेली बँडची माणसं दिसली आणि मला लाज वाटली. इथले लोक म्हणतील, हे मयत आहे की लग्न? मी तुला फोन केला. म्हणाले, "दादा, बँड नको." आपल्या बँडचा माणूस गेला की बँड त्याला वाजवत नेतो, हे मला ठाऊक होतं. पप्पांनी चाळीस वर्षं इतरांना तसं पोहोचवलं होतं. तू फक्त "बरं" म्हणालास. आणि ते मुके गेले.

त्याहून वाईट मी नंतर केलं. आळीत बोभाटा झाला की लॉरेन्सने स्वतःच्या बापाला बँड लावला नाही. आत्याने मला फोनवर विचारलं, असं का केलं त्याने? मी म्हणाले, मला काय ठाऊक. तू कुणालाच खरं सांगितलं नाहीस. माझ्याशी बोलणं बंद केलंस आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवलंस, असं रॉयस्टन म्हणाला. मला वाटत होतं तू रागावला आहेस. आता वाटतं, तू मला झाकत होतास. मला माझी फार शरम वाटते, दादा.

लिंक पाठवली होती त्यांत आंद्रियाही होती. परवा तिला विचारलं, तेव्हा काय वाटलं होतं? म्हणाली, "ड्रमवाला होता ना? मग ड्रम का नव्हता?"

सोबतच्या दुसऱ्या पाकिटात बँडच्या मंडळींना पत्र आहे. त्यात एवढंच लिहिलंय की बँड मी थांबवला, लॉरेन्सने नाही. मंगळवारी प्रॅक्टिसला जा आणि ते वाचून दाखव. तुला जमणार नसेल तर रॉयस्टन वाचेल, त्याला मी बजावलं आहे. आत्याला मी आजच फोन करते.

मी २९ला उतरते आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत सगळ्यांच्या मेणबत्त्या लागल्या की पप्पांच्या कबरीपुढे एक मार्च वाजव. माझ्यासाठी वाजवू नकोस. मोठा ड्रम माझ्या गळ्यात अडकव. दर शुक्रवारी आंद्रियाच्या घरी उशीवर सराव करते आहे. पहिला हलका, दुसरा दणकून. चुकले तर डोळे वटार. तीन वर्षांत तेवढं तरी माझ्याकडे बघशील.

तुझी बहीण,
जिने बँड थांबवला ती,
जोसेफीन