भेगेखालचं काम

१७ एप्रिल
अहमदपूरकडं आमच्या गावात प्यायला पाणी न्हाई, रानात काम न्हाई, म्हणून लातूरला आलो. नवा जिल्हा झालाय. नव्या कचेरीपुढं बाग करायलेत. उतार कापून सपाट करायचा, दगडी बांध घालायचा, मग झाडं. बाप्ये खोदतात, आम्ही बाया टोपल्यानं माती वाहतो.
दरड दीड पुरुष उंच. खोदणारे खालूनच पोखरतात, म्हणजे वरची माती आपसूक येते. आज एक ढेकूळ माझ्यासंगं माती वाहणाऱ्या गंगूबाईच्या खांद्याला घासून गेलं. ती हसली. मला हसू आलं न्हाई. आमचे हेबी तिथंच खाली असतात.

१८ एप्रिल
जेवताना ह्यांना म्हणले, वरून उतरत खोदा की.
"वरून खोदलं तर दिवसाला किती माती निघंल? मुकादम तोंड सोडतो."
"सोडू द्या."
"काम गेलं तर जायचं कुठं?"


२० एप्रिल
दरडीच्या वर गेले होते. कडेपासून हातभर आत भेग. हात घातला, मनगटापर्यंत गेला. मुकादमाला सांगितलं.
"काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा असतातच, बाई. तुमच्या रानात न्हाईत का?"
हायत. यंदा तर पाय जाईल एवढ्या. तेवढ्यापुरतं पटलं. पण रानातल्या भेगा वेड्यावाकड्या असतात, ही कडेला धरून सरळ चाललीय.

२१ एप्रिल
सकाळी परत हात घातला. कोपरापर्यंत गेला.
खाली आले. टोपलं ठेवलं अन् दरडीपासून लांब जाऊन बसले. गंगूबाईनं विचारलं, काय झालं? सांगितलं. तीबी बसली. मग बाकीच्या. माती उचलायला कुणी न्हाई, खोदणारे थांबले, दरडीखालून बाहेर आले. मुकादम म्हणला, उद्यापासून येऊ नका.
हे तरातरा आले. "चार माणसांत लाज काढतीस? ऊठ."
"मी खाली येणार न्हाई. तुमीबी जाऊ नका."
मनगट धरून ओढलं मला. अन् ह्यांच्या मागं दरडीकडं आवाज झाला, ट्रकातून पोती टाकल्यासारखा. धुरळा.
गंगूबाईचा नवरा नामदेव एकटाच कुदळ घ्यायला परत गेला होता. कमरेपर्यंत गाडला गेला. हातांनीच उकरलं सगळ्यांनी, मुकादमानंबी. तो नुसतं पाणी पाणी करत होता. जीपमधून दवाखान्यात.

२२ एप्रिल
नामदेव शुद्धीवर हाय. पाय राहील का न्हाई, डॉक्टर सांगंनात. गंगूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलीय. मला बघून म्हणली, "त्यांना मी हाक मारली होती गं. ऐकू गेली नसंल."
ह्यांनी ओढलं तिथं माझ्या मनगटावर वळ उठलाय. हे सारखं तिकडंच बघतात.

२५ एप्रिल
कचेरीतले साहेब येऊन गेले. वरून पायऱ्या पाडत खोदायचं, दरडीखाली कुणी थांबायचं न्हाई, असं ठरलं. आम्हाला कुणी काढलं न्हाई. मुकादम माझ्याशी नीट बोलतो, त्याचीच जास्ती भीती वाटते. वरून खडा घरंगळला तरी जीव उडतो.

२९ एप्रिल
काम मागं पडलं. कुणी मोठा माणूस झाडं लावायला येणार, तारीख जवळ आली. गेटाकडच्या दुसऱ्या दरडीवर भोकरकडची नवी माणसं आणलीत. तिकडंबी पाणी न्हाई म्हणे. ती खालूनच पोखरायलीत.
ह्यांना दाखवलं. "आपलं नीट चाललंय," म्हणले. "आता गप बस."

३० एप्रिल
घागर घेऊन गेटाकडं गेले. टोपलं घेतलेली एक बाई होती, माझ्याच वयाची. पाणी दिलं. नामदेवचं सांगितलं, वर भेग हाय का बघ म्हणले. तिनं दरडीखाली बघितलं. तिचा नवरा वाकून कुदळ मारत होता.
"तुमी बसलाव म्हणं," ती हळूच म्हणली. "मग काढलं का तुमाला?"
"अजून न्हाई."
तिनं टोपलं डोक्यावरून उतरवलं. खाली ठेवलं न्हाई, हातातच धरून उभी राहिली.