कंबर, तारखेनुसार

प्रिय बॉबिनबाई,

ओळखलंस का? मी तुझी आजी. 'उद्या फोन करते' म्हणालीस त्याला महिना झाला. तो उद्या अजून शिवायलाच पडलाय वाटतं! हे पत्र आपल्या दुकानातली काज-बटणवाली लिहून घेतेय. मी बोलेन ते सगळं लिही, शिव्यासुद्धा, असं तिला बजावलंय.

माझ्या शिवणाच्या दुकानाला हे संगणकाचं लोढणं बांधून तू मोकळी झालीस. चाळीस वर्षं दर गिऱ्हाइकाची एक कापडी पट्टी होती. कमरेच्या मापावर एक गाठ, छातीच्या मापावर दोन. अक्षर येत नाही म्हणून माझं काही अडलं नव्हतं. तू म्हणालीस, आजी, दोन तक्ते करू. एकात माणसं, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्यात मापं, आणि मापापुढे त्याच माणसाचा क्रमांक. मी म्हटलं, एकाच कागदावर लिहायला हात दुखतात का? तर म्हणालीस, बाई दहादा माप द्यायला आली तर तिचा पत्ता दहादा कशाला लिहायचा? घर बदललं तर दहा ठिकाणी कोण खोडत बसणार? बरं बाई, पटलं.

पण त्या यंत्राला काही विचारणं म्हणजे खाष्ट कारकुनाशी गाठ! कुठल्या तक्त्यातून, कुठला रकाना, कुणाचा, कशाच्या क्रमाने, सगळं त्याच्याच पद्धतीने मागायचं. 'कुणाचा' हे राहिलं की गावभरच्या कमरा समोर हजर. परवा या काज-बटणवालीने दोन्ही तक्ते एकदम मागवले आणि क्रमांकाला क्रमांक जुळवायचं विसरली. झालं! प्रत्येक माणसाला प्रत्येकाचं माप. पोस्टमनला मुख्याध्यापिकेची छाती! ही हसून लोळायची बाकी, आणि मी कपाळ धरून बसलेली.

वर तुझा तो नियम, की जुनं माप खोडायचं नाही, तारीख घालून नवी ओळ लिहायची. जुन्या मापांचं काय लोणचं घालायचंय, म्हणून मी केवढी चिडले होते.

काल तुझा ऑफिसचा शर्ट कापायला घेतला. तू फोनवरून भरलेलं माप काही खरं वाटेना. हिला म्हटलं, पोरीने चुकीचं भरलंय, विचार त्या यंत्राला. मापांच्या तक्त्यातून कंबर दे, क्रमांक चारची, तारखेप्रमाणे. तुझ्या चार ओळी आल्या. तीस. एकोणतीस. साडेसत्तावीस. सव्वीस. आठ महिन्यांत. पुन्हा वाच म्हटलं, तर वाचता वाचता हिचाही आवाज उतरला. आणि फोनवर तुझं आपलं ठरलेलं, मी मजेत, जेवले गं आजी.

तुझी आईही असंच म्हणायची. मी तिच्या कपड्यांच्या शिवणी आत घेत गेले, विचारलं नाही. विचारलं तेव्हा डॉक्टर मान हलवत होते. म्हणून हे पत्र. शर्टाला मी कात्री लावलेली नाही आणि सव्वीसला लावणारही नाही. याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, ते काय म्हणाले ते शब्द न गाळता कळव. दुखणं शरीराचं नसेल, कुणी माणसाने दिलं असेल, तर तेही सांग. मी रागावणार नाही. रागावले तरी तुझ्यावर नाही. आणि दर रविवारी स्वतःच्या हाताने दोघींपुरता भात आणि भाजी शिजव. तुझा वाटा आधी पोटभर खा, मग माझा डबा दुपारच्या बसने पाठव; नुसत्या 'जेवले'वर आता माझा विश्वास नाही. भाजी कुठलीही चालेल, पण त्याच दिवशी केलेली हवी आणि डबा अजून गरम हवा.

तुझीच, कटकटी,
आजी